जायला एक, यायला चार

शशिकलाबाईंची अट एकच होती. मुलगी कादंबरी सहा तासांच्या पल्ल्याबाहेर द्यायची नाही. त्यापायी नागपूरचा इंजिनियर गेला, बेळगावचा प्राध्यापक गेला. तीन वर्षांत चौदा स्थळं झाली. दर खेपेला रविवारी इस्त्रीचा सदरा घालून हसतमुख बसायचं, याचाच त्यांच्या नवऱ्याला, कृष्णकांतांना शीण येऊ लागला होता. पनवेलच्या कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, पण इतकं कधी दमायला झालं नव्हतं.

पंधरावं स्थळ मस्कतचं निघालं. मध्यस्थ सुमतीमावशींनी मुलाच्या विमान तिकिटाची झेरॉक्स आणून दिली. तो परत कधी जाणार ते बघून भेटीची तारीख धरायची. कृष्णकांतांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहराच खुलला.

"अगं, ऐकलंस का? मुंबईहून साडेचारला उडतं, मस्कतला साडेपाचला टेकतं. एक तास! तुझ्या भावाचं ठाणं याहून लांब पडतं."

"पण समुद्रापलीकडे ना ते?"

"समुद्राचं काय घेऊन बसलीस? वरून जायचंय."

शशिकलाबाई विरघळल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःच कागद हातात घेतला. हिशेबाची त्यांना आवड नव्हती, पण नवऱ्याचा हिशेब तपासायची होती.

"अहो, वरच्या ओळीत मस्कतहून नऊला निघून मुंबईला एक वाजता. जायला एक तास, यायला चार? येताना चढ लागतो की काय?"

कृष्णकांतांनी कागद परत घेतला आणि दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. छापलेली वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची होती. चार शब्द खोटं बोललं असतं तर स्थळं बघणं कायमचं संपलं असतं. पण दमलेल्या माणसाला खोटं रचायचाही कंटाळा येतो.

"चुकलं माझं. तिकडचं घड्याळ दीड तास मागे आहे. जायला अडीच, यायलाही अडीच."

"म्हणजे सहाच्या आतच की. आणि मुलगा घरी कितीदा येतो?"

"कंपनी तिकीट देते तेव्हा. दोन वर्षांनी एकदा."

"मग पल्ला दोन वर्षांचा झाला." शशिकलाबाईंनी कागदाची घडी घातली. "नको. नाही म्हणून कळवा."

कृष्णकांत जागचे हलले नाहीत. पुढचा रविवार डोळ्यांसमोर उभा राहिला.

"बाबा, कळवू नका." कादंबरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आई, चौदा जणांपुढे चहा घेऊन आले मी. प्रत्येक वेळी तू तास मोजलेस. मला कधी विचारलंस?"

"बरं बाई, विचारते. एवढं लांब चालेल तुला?"

"लांब आहे म्हणूनच चालेल."

शशिकलाबाईंनी हातातली घडी उलगडून कागद नवऱ्यापुढे ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हो म्हणून कळवा त्यांना."

कृष्णकांत चपला घालून बाहेर पडले. सुमतीमावशींचं घर चार पावलांवर होतं, तरी ते जिन्याच्या कठड्याला टेकून थांबले. मुलीला लांब का जायचंय, हे विचारायला मागे फिरावंसं वाटलं. पण उत्तर ऐकलं तर रविवार पुन्हा सुरू होतील; पाय काही वळले नाहीत.