शेकाची पिशवी आणि मिरजेच्या सुया

"मंगल, आधी आतली हवा काढ, मग बूच लाव. आन् लय गरम नगं गं!"

सहा वर्षं रोज तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लागला, की हे शब्द माझ्या कानी पडत. मित्रांनो, मी शेकाची एक जुनी रबरी पिशवी आहे. माझा लाल रंग विटला, कडा चिरल्या; पण कवठे महांकाळच्या धोंडुबाईंचा झिजलेला गुडघा माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. त्यांची सून मंगल मला गुडघ्यावर ठेवायची. दुखऱ्या जागी टेकले की धोंडुबाई हळूच "दत्ता" म्हणत. दुखणं उच्चारायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं, हा त्यांचा नेम. मग म्हणत, "हिच्यावानी माया कुणाची न्हाई." मी आणखीच फुगायची.

एक दिवस शेजारच्या अख्तरबी आल्या. "आवं धोंडुबाई, मिरजंला गुडघ्यात बारीक सुया टोचून दुखणं घालवत्यात. मी आता नमाजला खाली बसतीया. तुमी काय त्या पिशवीला कवटाळून बसलाय?"

उकळतं पाणी पोटात घेऊनही मी अशी कधी पोळले नव्हते.

एसटीत शेकायला म्हणून मंगलनं मलाही मिरजेला नेलं. दवाखान्यात थैलीतून मी त्या सुया पाहिल्या. केसासारख्या बारीक, एकदा वापरून फेकायच्या. अन् यांच्यासाठी मला सोडणार?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांधा झिजला की भोवतीचे काही बिंदू हळवे होतात. मी दाबते, दुखलं की सांगा. हळव्या जागा कळल्याशिवाय सुया कुठं टोचू?"

अंगठा गुडघ्याखाली रुतला. "दत्ता..." मग बाजूला. "दत्ता..."

"आजी, जप नंतर करा. दुखतंय का?"

"देवाची किरपा हाय."

"मग आज राहू दे," म्हणत बाईंनी सुयांचं पाकीट मिटलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण उठताना धोंडुबाईंचा पाय लटपटला, त्यांनी टेबल घट्ट धरलं, आणि माझा आनंद तिथंच आटला.

"थांबा, बाई!" मंगल म्हणाली. "आत्याबाईंचं 'दत्ता' म्हंजीच दुखणं. रोज पिशवी ठेवताना ऐकतीया मी."

म्हणजे माझ्यामुळंच तिला ते कळलं होतं! मीच फितूर झाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "असं होय! मग म्हणा, आजी." प्रत्येक 'दत्ता'ला पेनानं एक खूण झाली. सगळ्या माझ्याच जागा. सुया लागल्या आणि धोंडुबाईंना तिथंच डुलकी लागली. माझ्या शेकानं ती कधी लागली नव्हती, हे मला आजही खुपतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी वचन घेतलं, "रोज सकाळी दहा मिनिटं चालायचं. आणि दुखलं तर तोंडानं सांगायचं."

"सांगीन," धोंडुबाई पुटपुटल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी आपलं दुखणं असं झाकून ठेवत असेल. जवळ बसून विचारा. एकदा विचारून भागत नाही. आणि जमलं तर मलाही अधूनमधून भरा. नुसतं टांगून ठेवलं की रबर वाळतं.

आज सकाळी मी खुंटीवरून पाहिलं. धोंडुबाई उंबऱ्याशी थांबल्या. "मंगल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दुखतंय गं आज."

मग चपला पायात सरकवून, भिंतीचा आधार सोडून, त्या हळूहळू रस्त्याला लागल्या.