वरळीच्या वॉचमनची पेज

फुकटात कोण कुणाला पाणीसुद्धा पाजत नाही, हे परळमध्ये जन्म काढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. म्हणून तिलक रोज संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन यायला लागला तेव्हाच मी म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

आमची आतली खोली मी इस्पितळाच्या पेशंटना भाड्याने देते. तेव्हा तिथे हर्क होता. नेपाळच्या डोंगरातला, पोटाचा कॅन्सर, सोबतीला कुणी नाही. तिलकही नेपाळीच, पण वरळीत वॉचमन, इथे राहून मराठी शिकलेला. नातं विचारलं तर म्हणाला, "गाववाला." गाववाले असे असतात? ना हसणं, ना गप्पा. तिलक चमचा भरायचा आणि त्यांच्या भाषेत काहीतरी एकच विचारायचा. हर्क मान हलवायचा, नाही. मग चमचा तोंडात. मी दाराआडून रोज बघायची. पेजेत काही कालवतो की काय म्हणून एकदा डबा हुंगूनही पाहिला. नुसतं तूप-मीठ.

शेवटी जिन्यात त्याचा हात धरला. "खरां सांग मेल्या, तुका ह्याच्याकडसून काय व्हया?"

तिलक पायरीवरच बसला. "ताई, आमच्याकडे लढाई झाली ना, आपसातली. माझा भाऊ शाळेत मास्तर. बंडवाले त्याला घरातून घेऊन गेले. हा त्यांच्यात होता. कुठे पुरला, ते ह्यालाच माहीत."

"मग पोलिसात जा की!"

"सगळीकडे गेलो. राजा गेला, नवा कायदा आला, दोन्हीकडचे लोक एका टेबलावर बसून देश बांधतात. चांगलं आहे ना. पण वहिनी अजून कुंकू लावते. बॉडीच नाही, तर क्रिया कशी करणार?"

मला रडू फुटलं, आणि हर्कचा असा संताप आला की तडक आत गेले. "अरे, मरायला टेकलास, आता तरी सांगून टाक!"

हर्कने आधी दाराकडे बघितलं. तिलक गेलाय याची खात्री केली. मग हळूच म्हणाला, "बता दूंगा तो कल से कौन आएगा?"

याचे साथी तिकडे खुर्च्या धरून बसले आणि याला विचारणारं कुत्रं नाही. "मी भरवीन," मी म्हटलं. मी तिलककडे बघायची ना, अगदी तसंच त्याने माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिलकने विचारलं आणि हर्कने मान हलवली नाही. बोलत राहिला. चादरीवर बोटाने नदीचं वळण काढून दाखवलं. तिलकने डबा तसाच ठेवला, उठला, गेला. पुन्हा आला नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

हर्क दाराकडे डोळे लावून पडायचा. माझ्या हातचे दोन चमचे घ्यायचा की तोंड फिरवायचा. "जागा खोटी सांगितलीस का रे?" मी एकदा विचारलंसुद्धा.

आठवड्याने तिलकचा फोन आला. तिकडे वारा इतका, की धड ऐकू येईना. "ताई, भाऊ मिळाला. वहिनीने स्वेटरवरून ओळखला."

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

"तो जेवतो का?" तिलकने विचारलं.

मी फोन हर्कच्या कानाला लावला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. काही केल्या सोडेना.