काळ्या गाडीतले तीन संत

घरी गाडी यायची होती ती माझ्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मी खाली शहरात वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. आमचं गाव वर डोंगरात. गावची बस बंद झाली आणि पाठोपाठ माझ्या जुन्या डबड्यानेही चढावर मान टाकली. आश्रमाची मॅनेजर बाई वाईट नाही, पण न्याहारीला उशीर झाला आणि म्हातारी माणसं टेबलावर चमचे आपटायला लागली, की तिचाही चांगुलपणा संपतो. वेळेवर ये, नाहीतर मी दुसरी बाई बघते, असं तिने तोंडावर सांगितलं होतं. घरात दरमहा पगार आणणारी मी एकटी. माझा नवरा मिलोवान जंगलात हंगामी कामाला जातो, म्हणजे बाकीचा हंगाम तो कॅफेत असतो. तेव्हा छोटी, साधी, रोज पहाटे मुकाट्याने सुरू होणारी गाडी घ्यायची, एवढंच ठरलं होतं.

मिलोवान रविवारच्या गाडीबाजाराला निघाला तो कुम रादिशाला बरोबर घेऊन. कुम म्हणजे आमच्या लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार. आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्यालाही तोच होता. सख्ख्या भावाशी आमच्याकडे भांडता येतं, मारामारीही करता येते. कुमाच्या शब्दावर मात्र साधी भुवईसुद्धा उंचावायची नाही.

संध्याकाळी अंगणात येऊन उभी राहिली ती काळी कुळकुळीत जर्मन. कुठल्या कंपनीची ते मी सांगणार नाही. मिलोवानने ते नाव गावभर पुरेसं घेतलं आहे. चार दारं होती म्हणून घरगुती म्हणायची, बाकी सगळा थाट शर्यतीचा. मागे धुराच्या चार नळ्या, कंबर आवळून धरणाऱ्या चामड्याच्या खुर्च्या, रुंद टायर, आणि पोट इतकं खाली की आमच्या मांजरालाही सरपटत जावं लागलं.

"कुणाची होती?" मी विचारलं.

"एका जर्मन म्हाताऱ्याची. निवृत्त माणूस. फक्त रविवारी चर्चला न्यायचा."

या जर्मन म्हाताऱ्याला मी चांगली ओळखते. आमच्या खोऱ्यातली प्रत्येक जुनी गाडी त्याचीच असते. तरुणपणी त्याने शर्यतीच्या गाड्या घेतल्या, जन्मभर गॅरेजमध्ये पुसून ठेवल्या आणि मरताना आमच्या माणसांची आठवण काढली. एवढ्या गाड्या घेऊन तो दर रविवारी चर्चला जात असेल, तर तिथल्या पाद्र्याला रस्ता ओलांडणं मुश्कील होत असेल.

मेकॅनिकला दाखवलीस का, असं मी विचारलं, तेव्हा मिलोवानने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी भरल्या ताटावर शिवी दिली होती.

"कुमासमोर?" तो म्हणाला.

गाडी कुम रादिशाच्या कुमाची होती. कुमाने शब्द दिला होता. मेकॅनिक नेला असता तर त्याचा अर्थ कुम खोटं बोलतो, असा झाला असता. म्हणून दोघा शहाण्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. सगळी पुंजी देऊन हात मिळवले, तीनदा गालाला गाल लावले आणि निघाले.

मग गावाला पार्टी द्यावी लागली, कारण नवी गाडी कोरडी राहिली तर तिला दृष्ट लागते. डुक्कर भाजलं गेलं, प्लमची दारू आधी टायरांवर आणि मग घशात ओतली गेली. कुणी विचारलं नाही की झोरित्सा, तुला ही चालवता येईल का. मिलोवाननेच परस्पर सांगून टाकलं की हिची ताकद मागच्या चाकांना आहे, बायकांचं काम नाही. म्हणजे माझी गाडी आता तो चालवणार आणि मला सोडायला येणार.

त्याने स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या तबकडीवर, एका कोपऱ्यात, संत निकोलाचं आगपेटीएवढं चित्र चिकटवलं. निकोला आमच्या घराचा संत; आमच्याकडे प्रत्येक घराला आपापला असतो. तिथे आधीच्या मालकाचा संत होता म्हणे. दुसऱ्याचा असला तरी संत कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून आपला त्याच्यावर लावला. त्याखाली काय आहे ते पाहिलंस का, असं मी विचारलं.

"संताखाली काय बघायचं?" तो म्हणाला.

तळहाताच्या फोडासारखी जपायचा तो तिला. मी बसायच्या आधी बुटांखाली पिशवी अंथरायचा. येताना माझ्या अंगाला तळलेल्या कांद्याचा वास यायचा, तर चामडं वास धरतं म्हणून आश्रमातच कपडे बदलून यायचा हुकूम झाला. त्याच कांद्यावर त्याचं घर चालतं, हे चामड्याला कोण सांगणार! मला सोडून आला की काच खाली करून, ऐन थंडीत, बैलगाडीच्या वेगाने गावातून फिरायचा. पोस्टासमोर थांबायचा. पुन्हा फिरायचा.

डिसेंबरात बर्फ पडलं आणि तिची खरी लायकी कळली. मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायची आणि गाडी कुल्ल्यांवर घसरल्यासारखी आडवी व्हायची. मागे वजन हवं, असा शोध लागला. डिकीत बटाट्याची दोन पोती गेली. तेवढ्याने भागेना तेव्हा मिलोवान म्हणाला, तू मागे बस, बरोब्बर चाकावर. मग माझ्या शेजारी सासूबाईंनाही बसवायला लागला. अशा रीतीने आम्ही दोघी रोज पहाटे त्या शर्यतीच्या गाडीतून बटाट्यांसारख्या शहरात जायला लागलो. सासूबाईंना शहरात काहीच काम नव्हतं. त्या तशाच परत यायच्या.

एकदा उशीर झाला, मॅनेजर बाईने नुसतं घड्याळ दाखवलं. दुसऱ्यांदा गाडी उतारावरच्या वळणावर खोकली आणि बंद पडली. किल्ली तशीच ठेवून मिलोवान फोनला रेंज शोधत वर गेला. मेकॅनिकला नाही, कुमाला बोलवायला. सासूबाई मागे घोरत होत्या. मी पुढे येऊन बसले. चमचे आपटल्याचा आवाज मला तिथे ऐकू येत होता. काही सुचेना म्हणून नुसती बघत होते, तर थंडीने निकोलाचा एक कोपरा सुटला होता आणि त्यामागून दुसऱ्या कुणाच्या भाल्याचं टोक दिसत होतं.

मी निकोलाला सोलून काढलं. खाली घोड्यावर बसून अजगर मारणारा संत जोर्जे. त्याच्या कडेलाही काहीतरी डोकावत होतं, म्हणून त्यालाही सोललं. खाली संत योवान. आणि योवानाच्या खाली, पिवळाधमक पेटलेला, इंजिन बिघडल्याचा दिवा.

मी देवाची माफी मागितली आणि तिघांना मांडीवर ओळीने ठेवलं.

कुम रादिशा ट्रॅक्टर घेऊन आला. मी त्याला दिवा दाखवला. मग विचारलं, जोर्जे कुणाचा? माझ्या कुमाचा, तो म्हणाला. आणि योवान? डोकं खाजवत तो म्हणाला, त्याने ज्याच्याकडून घेतली त्याचा असेल, तो त्याचा कुम.

"म्हणजे तुमच्यापैकी एकानेही या दिव्याचं तोंड पाहिलेलं नाही," मी म्हणाले.

कुमाने छातीवर क्रूसाची खूण केली. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याने कुणालाही फसवलेलं नव्हतं. त्याला फक्त लाज वाटत होती, तीही गाडीची नाही, माझ्या प्रश्नाची. मला तर वाटलं, दोघांना त्याच ट्रॅक्टरला बांधून गावातून फिरवावं.

आश्रमात मॅनेजर बाईने सांगितलं की हे शेवटचं.

त्या आठवड्यात मिलोवान फार गोड वागला. तीनही संत त्याने पुन्हा जागच्या जागी चिकटवले आणि मला म्हणाला, गाडी विकतो, येणाऱ्या पैशांत तुझी छोटी घेऊ. गिऱ्हाईक कोण, तर नेनाद. नेनादच्या लग्नात मिलोवान कुम होता. पोरगा त्याच्याकडे पाद्र्याहूनही आदराने बघतो.

तेव्हा मला कळलं की ही गाडी अशीच चालते. डिझेलवर नाही.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. छोटी गाडी म्हणजे माझी नोकरी. गप्प बसायचं होतं फक्त, आणि ते तर सगळेच करत होते.

रविवारी नेनाद बायकोला घेऊन आला. तियाना, सडपातळ पोरगी, शहरातल्या शिवणकारखान्यात पहाटेच्या पाळीला जाते. गाडी तिच्यासाठीच हवी होती, रोज जायला-यायला. मी ट्रेमध्ये चेरीचा मुरंबा, चमचे आणि पाणी घेऊन बाहेर आले. नेनादने बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, कुम, तुमचा शब्द आहे, मग बघायचं काय. मिलोवान जर्मन म्हाताऱ्याबद्दल सांगत होता. तियाना मागच्या सीटवर बसून बघत होती. नेमकी चाकावर.

ती तिथे बसलेली माझ्याने बघवेना.

मी ट्रे बॉनेटवर ठेवला. मिलोवानचा श्वास अडकला, रंगाला चरा पडेल म्हणून. पुढचं दार उघडून मी किल्ली फिरवली आणि एकेक करून तिन्ही संत काढले. नेनादने चटकन तोंड फिरवलं आणि आभाळाकडे पाहायला लागला, जणू मी त्याच्यासमोर कपडे काढत होते. "झाकून टाका, कुमा," तो मला पुटपुटत म्हणाला; कुमाच्या बायकोला कुमा म्हणतात. "आमचं ठरलंय."

"हा दिवा कधीपासून लागलाय?" तियानाने मागून विचारलं.

तीन घरांतून ती गाडी फिरली, आणि हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस ही पोरगी.

"आम्ही घेतली त्याआधीपासून," मी म्हणाले. "मेकॅनिकला दाखव. आणि कुणी काहीही म्हणो, मागे बसू नकोस."

ती उतरली आणि फाटकाकडे चालायला लागली. नेनाद मिलोवानची माफी मागत तिच्यामागे गेला. मुरंबा कुणी खाल्ला नाही.

मिलोवान माझ्याशी बोलेनासा झाला. मी डेअरीच्या ट्रकवाल्या वुकाशिनला विचारलं. तो पहाटे दूध गोळा करत खाली जातो. बायका त्याला थांबवून जागा मागतात. मी कधी मागितली नव्हती, कारण अशी गाडी दारात असताना बायको दुधाच्या ट्रकमधून गेली तर मिलोवानचं नाक कापलं जाणार होतं. आता मी रोज वुकाशिनच्या शेजारी, पुढच्या सीटवर, कांद्याच्या वासासकट बसून जायला लागले.

चौथ्या की पाचव्या दिवशी गाव बघतंय हे मिलोवानला सहन होईना. मला स्वतः सोडायचं ठरवून तो ट्रकच्या आधी निघाला, वळणावर मला ट्रकमधून उतरवून घ्यायला. बर्फ ताजं होतं. बटाटे आम्ही खाल्ले होते. मागे ना मी, ना सासूबाई.

आम्ही वळणावर पोचलो तर काळी जर्मन नाक खाली घालून गटारात, चारही नळ्या आभाळाकडे. मिलोवान धडधाकट होता. बाजूला उभा राहून हात हलवत होता. वुकाशिनने ट्रक थांबवला. ओढून काढायला अर्धा तास तरी गेला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय करू, झोरित्सा? तुमचीच ना गाडी?"

"आमची कुठली," मी म्हणाले. "एका जर्मन म्हाताऱ्याची आहे. चल, न्याहारीला उशीर होतोय."