बिनखिळ्याचं कपाट

सुतारकाकांनी ड्रिलचं टोक भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवर टेकवलं, बाईंना दोन पावलं मागे सरायला सांगितलं आणि बटण दाबलं. विटेची लाल भुकटी खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडत राहिली. भोकात प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून त्यांनी काटकोनी पट्टी बसवली, स्क्रू पिळला आणि पुस्तकांचं ते उंच कपाट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिलं. कपाट जागचं हललं नाही.

महिन्याभरात तीनदा जमीन हलली होती. फार नाही, फडताळातली भांडी वाजतील इतकीच. पण तेवढ्याने गल्लीची झोप उडाली होती आणि सुतारकाकांना जेवायला फुरसत उरली नव्हती. कुणाचं कपाट, कुणाचा फ्रिज, कुणाची लग्नात आलेली अवजड मांडणी, सगळं ते भिंतीला जखडत सुटले होते. आज पाळी बाईंची होती. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची पुस्तकांची दोन कपाटं, पैकी दुसरं अजून रिकामं करायचं होतं. ते मंगळवारी करू, असं ठरलं.

"तुमच्या घरचं झालं का हो सगळं?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे गरज नाही."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सुरू केली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात गल्लीतलं एकूणएक कपाट तोंडावर आपटलं, उभं राहिलं ते फक्त काकांचं. का? तर त्यात एकही खिळा नाही. सात फुटांचं सागवानी कपाट, सगळं लाकडात लाकूड अडकवून केलेलं. खिळा म्हणजे लाकडाचा वैरी. त्यात एकच काय ती उणीव, डाव्या दाराला एक बारीक फट राहते. एकदा बायकोचा अंगठा त्या दारात चेमटला, नख काळंनिळं झालं, म्हणून काकांनी त्याच दिवशी दाराची कड रंधून काढली. ओला फडका अंगठ्याला गुंडाळून ती बिचारी शेजारी उभी होती आणि वर म्हणत होती, "राहू द्या हो, दाराची काय चूक?" अशी गरीब गाय होती. चार वर्षांपूर्वी गेली.

बाईंनी ही गोष्ट आजवर दहा वेळा तरी ऐकली होती. त्यातल्या दोन वेळा पालकसभेत. पण गल्लीत दुसरा सुतार नव्हता, त्यामुळे त्यांनी ती अकराव्यांदाही ऐकली. 'एकही खिळा नाही' हे वाक्य आलं तेव्हा मात्र त्या चहा टाकायला आत गेल्या. जाता जाता "लोकां सांगे ब्रह्मज्ञान" एवढं म्हणाल्या आणि पुढचं सभ्यपणे गिळलं.

घरी वेगळीच परीक्षा वाट पाहत होती. जावयाची बदली लांब झाल्यामुळे मुलगी तीन महिन्यांपासून काकांकडे राहत होती, आणि तिच्याबरोबर सात वर्षांची ठकू. ठकूच्या शाळेने भूकंपाच्या तयारीची यादी दिली होती. ती हातात आल्यापासून ठकू घराची पोलीस झाली होती. प्रत्येकाच्या उशाशी शिट्टी. खाटेखाली बूट, कारण काचा फुटतात. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, दाराजवळ टॉर्च, महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. आजोबांची रक्तदाबाची गोळीसुद्धा तिने त्या पिशवीत टाकली होती, त्यामुळे आजोबा रोज सकाळी ती शोधत बसत. काकांनी नातीचं सगळं निमूट ऐकलं. यादीतल्या एका ओळीपुढे मात्र बरोबरची खूण नव्हती. 'उंच कपाटं भिंतीला पक्की करणे.' तिथे लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आजोबा नापास'.

कपाट आतल्या खोलीत होतं. खोली नऊ फुटांची, एका भिंतीला दार, एका भिंतीला खिडकी. खाट आणि कपाट समोरासमोर आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुलीने आधी गोडीने सांगून पाहिलं, मग आडून सांगून पाहिलं, मग चार दिवस अबोला धरून पाहिला. काका बधले नाहीत. मुलगी दवाखान्यात परिचारिका होती, हट्टी रुग्णांची तिला सवय होती. शनिवारी तिने सरळच सांगितलं.

"बाबा, सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे. ठकू त्या खोलीत एकटी झोपणार. कपाट बांधा, नाहीतर मी तिला तिच्या आत्याकडे ठेवते."

"मोठ्या भूकंपात तू ह्याच कपाटासमोर झोपली होतीस. चार वर्षांची होतीस. केसाला धक्का लागला नाही तुझ्या."

"माहीत आहे. पण आता माझी मुलगी आहे तिथे."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या हातच्या कामावर पोटच्या पोरीचाच भरवसा नाही, हे त्यांना फार लागलं. ते बाहेर जाऊन बसले. मुलीने वाद घातला नाही, ठकूचे कपडे बॅगेत भरायला घेतले. थोड्या वेळाने ठकू बाहेर आली. ह्या घरात ती आल्यापासून काका संध्याकाळी वेळेवर परतू लागले होते, हे गल्लीला ठाऊक होतं, पण ठकूला नव्हतं. तिला निराळीच काळजी होती.

"आजोबा, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. मी आत्याकडे गेले तर तुम्हाला उठवणार कोण?"

  काकांनी उठून हत्यारांची पिशवी आत नेऊन कपाटापाशी ठेवली.

रविवारी सकाळी माय-लेकी बाजारात गेल्या आणि काकांनी कपाट रिकामं करायला घेतलं. वरच्या कप्प्यात बायकोची पांघरुणं होती. ती असताना ह्या कप्प्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. 'तुम्ही घडी मोडता' म्हणायची. ती गेल्यावर काकांना धीर झाला नव्हता. आता त्यांनी एकेक घडी उचलून खाटेवर ठेवली, शेवटची चादर काढली आणि पट्टी कुठे बसवावी ते पाहायला टॉर्च आत धरला.

मागच्या आडव्या फळीत चार खिळे होते.

चौकट भिंतीत बसवताना वापरतात तसले, लांब पोलादी खिळे. फळीतून आरपार थेट भिंतीत गेलेले. एक वाकून आडवा झाला होता आणि तसाच ठेचून बसवला होता. भोवती लाकडावर हातोडीचे चंद्रकोरीसारखे वण होते, दहा-बारा तरी. ज्याने जन्मात हातोडी धरली नाही त्याचं काम.

काकांना आधी संतापच आला. माझ्या कपाटाला खिळा? कुणाची ही हिंमत? मग त्यांनी कपाट दोन्ही हातांनी धरून हलवलं. रिकामं कपाट, तरी ते हललं नाही. आणि मग त्यांना एकदम आठवलं.

मुलगी चार वर्षांची होती, खालचा खण उघडून त्यावर चढायची. बायको दोनदा म्हणाली होती, कपाट पुढे येईल हो, एखादा खिळा मारा ना मागे. पहिल्यांदा काका हसले होते. दुसऱ्यांदा म्हणाले होते, "माझ्या कपाटाला खिळा? आधी माझ्या डोक्यात ठोक." त्यावर तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. त्याच आठवड्यात तिचा अंगठा काळानिळा झाला होता.

राहू द्या हो, दाराची काय चूक?

 अंगठा काळानिळा झाल्यावर दोन महिन्यांनी तो भूकंप आला होता. काकांनी टेप काढला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण हात पिशवीत गेला. कपाटाची उंची सात फूट. मुलीची गादी तेव्हा जिथे असायची, तिथपर्यंत जमिनीवर टेप ओढला. उशीची जागा चार फुटांवर आली.  सव्वीस वर्षं उशिरा ते घाबरले, आणि असे घाबरले की त्यांना टेप गुंडाळता येईना. आपल्या हट्टापायी लेक गेली असती. आणि आपण जगभर आपल्या हाताच्या कसबाची टिमकी वाजवत हिंडलो.

आणि ती? पाहुण्यांपुढे ही गोष्ट रंगली की ती शेजारीच बसलेली असायची. 'एकही खिळा नाही' आलं की तेवढी उठून आत जायची. काकांना वाटायचं, चहाचं बघायला जाते. घराला रंग काढला तेव्हाही म्हणाली होती, कपाटामागे कोण बघतंय, राहू द्या तेवढी भिंत. शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही तिने. काकांना एकीकडे रडू येत होतं आणि एकीकडे हसूही येत होतं. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांनी दोन्ही मनसोक्त केलं.

खिळे गंजले होते. दोन तर बोटाने हलत होते. काकांनी ते उपटले नाहीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी बसवली, चार स्क्रू पिळले आणि पांघरुणांच्या घड्या जमतील तशा परत लावल्या.

दुपारी ठकूने कपाटाला लोंबकळून पाहिलं आणि 'नापास' खोडून आजोबांना पास केलं. मुलीने बॅग उघडून कपडे परत काढले. तेवढ्यात तिला दार दिसलं.

"बाबा, हत्यारं काढलीच आहेत तर ही फट पण बुजवून टाका. एक पातळ पट्टी लावली की झालं."

"नको," काका म्हणाले. "फट राहू दे."

मंगळवारी बाईंचं दुसरं कपाट झालं. पट्टी बसली, स्क्रू पिळले, हलवून पाहिलं. काका हत्यारं पुसून पिशवीत ठेवत होते. आज ते गप्प होते, म्हणून बाईंनाच चुकल्यासारखं झालं.

"आज तुमच्या कपाटाची गोष्ट नाही सांगितलीत? ते एकही खिळा नसलेलं."

"चार आहेत," काका म्हणाले.

"चार काय?"

"खिळे. आमच्या हिने ठोकले होते. मला न सांगता."

बाई चहा टाकायला निघाल्या होत्या. त्या परत फिरल्या, स्टूल ओढून काकांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा."