पिशव्या

सरपंच उत्तमरावांनी छताला टांगलेली पिशवी काठीनं ढोसली. ती दोऱ्यावर गरगर फिरली.

"सांजच्या आत हे समदं उतरलं पायजे. पंचायतीचा हॉल हाय ह्यो, खाटकाचं दुकान न्हाई."

पुण्याला कला शिकून आलेली रोहिणी ही गावातली पहिलीच मुलगी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांकडून तिनं जुनी लुगडी मागून आणली आणि कापूस ठासून त्यांच्या अठ्ठावीस गर्भपिशव्या शिवून प्रदर्शनासाठी इथं टांगल्या. ऑपरेशन करून पिशवी काढलेल्या तेवढ्याच बायका गावात होत्या. मागताना मात्र ती "गोधडीसारखं काहीतरी करतेय" एवढंच बोलली होती.

आता त्या बायका दारात उभ्या होत्या. उंबरा कुणी ओलांडत नव्हतं.

"आमची लाज येशीला टांगलीस गं, भवाने!" रंगुबाई ओरडली.

रोहिणीची चुलती गोजरबाई तेवढी आत घुसली. आपलं हिरवं लुगडं तिनं लांबूनच ओळखलं होतं. एका हिसड्यात तिनं ती पिशवी खाली ओढली.

"काकू, चुकलं माझं. आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर दिलं असतं व्हय मी?"

तिनं दातानं टाका तोडला, शिवण उसवली आणि मुठीमुठीनं कापूस उपसून फरशीवर फेकू लागली. उत्तमराव हसले.

"बघ, तुझ्या घरच्यांनाच पटंना."

रोहिणी खाली बघत राहिली. चार महिन्यांचं काम तिच्या पायाशी साचत होतं.

कापूस संपला. गोजरबाईनं लोंबतं कापड झटकलं.

"डाक्टरनं काढली तवा सव्वीस वर्साची हुते मी. एक बी पोर झालं न्हवतं. आन् तू भरलेली टांगतीस?"

तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि ते रिकामं कापड तुटक्या दोऱ्याला गाठ मारून पुन्हा टांगलं. मग उतरली आणि कुणाकडंही न बघता निघून गेली.

"पुरे झाली नाटकं," उत्तमराव म्हणाले. "उतरव."

रोहिणीनं स्टुलाला हात घातला. तेवढ्यात दारातून रंगुबाई आत आली. कपाळावरची आठी तशीच होती.

"सरक तिकडं," ती खेकसली. "ह्यातलं माझं कंचं?"