घरच्यांचं माप

'कुटुंबवत्सल उद्योजक' असं फोटोखाली छापलं होतं. तो शब्द वाचूनच मला किळस आली. फोटो ह्यांचा, दुकान ह्यांचं, आणि शोकसभाही दुकानातच ठेवलेली. शिलाईची यंत्रं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. एकेक गिऱ्हाईक उठून बोलत होतं. ह्यांनी शिवलेले बूट किती वर्षं टिकले, कुणाच्या वाकड्या पायाला कसे बसले. मी पहिल्या रांगेत, पायात नवेकोरे बूट घालून, दात आवळून बसले होते.

आता, माणूस वाईट होता असं कुणी समजू नये. वाईट असता तर सोपं झालं असतं. संध्याकाळी सातला घरी, बाटलीला हात नाही, बाहेर जेवण नाही. पोर आजारी पडलं की उशाशी हेच. आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला स्वतःच्या हातानं शिवलेला जोड. शेजारणी जळायच्या माझ्यावर.

दुकानाची पद्धत अशी, की गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दर खेपेला त्याचा पाय कागदावर ठेवून नवीन माप घ्यायचं. मग त्या मापाचा लाकडी साचा तासायचा आणि त्यावर बूट चढवायचा. "पाय बदलतो," हे गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे. घरच्यांचे साचे मात्र मागच्या भिंतीवर टांगलेले, एकदाच केलेले. माझा लग्नाच्या वर्षीचा. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा. पुढे दोन बाळंतपणं झाली, अंग सुटलं, पाय पसरले. "चावतोय हो बूट," म्हटलं की हसायचे. "गिऱ्हाइकाचं मोजावं लागतं. घरच्यांचं मला पाठ आहे." एकदा बाजारातून चपला आणल्या, तर चार दिवस धड जेवले नाहीत. रागावले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते. रडवेल्या तोंडाच्या माणसाशी भांडणार कशी? मूग गिळून त्रेचाळीस वर्षं काढली.

अंगठा आता शेजारच्या बोटावर चढलाय. करंगळीपाशी जखम आहे, तिचा वास माझा मलाच सहन होत नाही. त्यात शुगर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, या आठवड्यात ऑपरेशन झालं नाही तर नुसत्या बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सभा होऊ दे. मग नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. महिनाभर कळ काढ. बूट शिवणाऱ्याची बायको पाय दाखवायला जाते, लोक काय म्हणतील?" हुबेहूब बाप. मला शिसारी आली. पोटच्या पोराची शिसारी येते, हे बाई कुणाला सांगते का?

सभेच्या शेवटी तोच उठला. "बाबांनी आजारपणातही आईसाठी हा शेवटचा जोड शिवला. आई, जरा पुढे ये ना. सगळ्यांना बघू दे."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी खरोखरच गेली. पुढे गेले, स्टुलावर बसले आणि उजवा बूट ओढून काढला. मोजा जखमेला चिकटला होता, तोही सोलून काढला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला.

"माप घे," मी मुलाला म्हणाले.

"आई, आत्ता?"

"दुकानच आहे ना हे? मला गिऱ्हाईक समज."

सगळे बघत होते, तेव्हा बिचाऱ्याला खाली बसावंच लागलं. कागद, पेन्सिल, फीत. फीत त्यानं दोनदा लावून पाहिली. मग भिंतीवरचा माझा साचा काढला आणि पायाशेजारी धरला. दोन बोटांचा फरक मागे उभ्या असलेल्या कारागिरांनाही दिसत होता. मला वाटलं, आता तरी याच्या तोंडून खरं निघेल.

"सूज आहे," तो लोकांकडे बघत म्हणाला. "बाबांचं माप चुकणं शक्यच नाही."

त्या लाकडावर त्याचा विश्वास होता, आईच्या पायावर नव्हता. मला तिथंच थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. दुसराही बूट काढला आणि तशीच अनवाणी दवाखान्यात जायला निघाले. कुणी अडवलं नाही.

पायरीवर सून मागून आली. वाटलं, ही आता माझी समजूत घालणार. ती खाली बसली, सासऱ्यांनी शिवलेले बूट तिनं पायांतून काढले आणि बाजूला ठेवले. नखं काळीनिळी. अंगठा आत वळायला लागलेला. अजून चाळिशीसुद्धा उलटली नाही तिची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती माझ्याकडे आली होती. "आई, बूट फार चावतात." भाजी निवडता निवडता, मान वर न करता मी तिला म्हणाले होते, "त्यांना वाईट वाटेल गं. होते सवय."

"चला, मीही दाखवते," असं म्हणून तिनं मला हात दिला. आतापर्यंत मला बापलेकांची किळस येत होती. तिचा हात धरला तेव्हा मला माझीच आली.