दोन दोऱ्यांची उशी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची उशी आहे. पण माझ्यावर डोकं ठेवून आजवर कुणी झोपलं नाही. झोपणार तरी कसं? माझ्या अंगाला दोन आरपार भोकं आहेत. दोन जाडजूड रिंगा एकमेकींना चिकटवाव्यात, तशी मी दिसते.

मला एका आईने विणलं, गणितात संशोधन करणाऱ्या लेकीसाठी. लेकीने माझ्यावर दोन दोरे टाचले, एक लाल, एक निळा. प्रत्येक दोरा अंगावरून फिरून निघाल्या जागी परत येई, स्वतःला कुठेही न छेदता. एकमेकांना मात्र ते चार ठिकाणी छेदत. लेकीचं म्हणणं असं, की या दोघांनी मला पुरतं व्यापलंय. दोऱ्यांवरून कात्री चालवली तर बिनभोकाचे तुकडेच हाती येतील. कात्रीचं नाव निघालं की मी भीतीने आपले टाके मोजू लागे.

तोंडी परीक्षेला लेकीची चार वर्षांची मेहनत पणाला लागली होती. परीक्षक बाईंनी माझ्यावर बोट टेकवलं, एकही दोरा न ओलांडता भोकातून आरपार नेलं आणि परत जागेवर आणलं. म्हणजे मोकळी वाट उरली होती. दोरे मला व्यापत नव्हते. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

दाराशी बसलेली आई उठून आत आली. ती म्हणाली, "काल मी निळा दोरा जरा नीट केला गं. लालमध्ये उगाच अडकत होता, म्हणून दोन ठिकाणी बाजूने वळवला."

बाईंनी मोजलं. दोरे एकमेकांना छेदायचे, त्या चारातल्या दोनच जागा उरल्या होत्या.

आईच्या पर्समध्ये सुई असतेच. लेकीने दोरा उसवला. जुन्या टाक्यांच्या खुणा मी लोकरीत जपल्या होत्या. त्यांवरूनच तिने तो पुन्हा टाचला. बाईंनी सगळीकडून बोट फिरवून पाहिलं. जिथून भोकाकडे वळावं, तिथे लाल नाहीतर निळा आडवा.

"उशी बिघडली होती, काम नाही," बाई म्हणाल्या. "सिद्धता मी वाचली आहे, ती चोख आहे. कात्री राहू दे."

माझा जीव भांड्यात पडला. मायलेकी एकमेकींकडे बघून रडल्या आणि मग हसल्याही.

आता लेक शिकवते आणि मी तिच्या वर्गात कपाटावर असते. मित्रांनो, दुसऱ्याच्या कामात गुंता दिसला, तर सोडवण्याआधी विचारा. तो मुद्दाम घातलेला असू शकतो. आई अजूनही येते आणि माझ्यावरची धूळ झटकते. दोऱ्यांपाशी मात्र तिचा हात थांबतो, आणि ती लेकीला विचारते, "इथे पुसू का गं?"